दुसऱ्याचा बोल्ट

बंदूक हातात आली की काशीराम आधी डोळे मिटत. डोळे फसतात, असं त्यांचं म्हणणं. चकचकीत दिसलं की डोळ्यांना ते नवं वाटतं, काळवंडलेलं दिसलं की जुनं. बोटांचं तसं नसतं. कारखान्यात घासलेली कड आणि गावच्या लोहाराने कानशीने घासलेली कड, दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी बोटाच्या टोकाला लगेच वेगळ्या लागतात. गावची कड कुठेतरी थांबते, श्वास घेते आणि पुढे जाते. कारखान्याची कड थांबत नाही.

पण अलीकडे त्यांच्या हातात काही येईनासंच झालं होतं. रत्नागिरीच्या बाजारामागच्या आळीत त्यांचं दुकान होतं, वडिलांपासूनचं. एके काळी आसपासच्या गावांतल्या शेतसंरक्षणाच्या बंदुका तिथे भिंतीला रांगेने उभ्या असत. आता रांगेच्या जागी भिंतीवर नुसत्या खुंट्या होत्या. लोक येत ते एवढंच विचारायला, "वानरं पळवायला काय मिळेल का ओ?"

"वानरांना आवाज लागतो, बंदूक नाही," काशीराम सांगत. "समोर हार्डवेअरवाल्याकडे पाइपाची तोफ मिळते. ती घ्या."

गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाई. काशीराम त्याच्या पाठीकडे बघत राहत.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मुंबईला. रविवारी त्याचा फोन येई, "बाबा, दुकान आटपा आणि इकडे या." काशीराम "बघू" म्हणत आणि दोघेही सुटल्यासारखे होत. दुपारी खानावळीतला डबा येई. डबा आणणारा सायकलवरूनच आवाज देई, डबा फळीवर ठेवी आणि कालचा रिकामा उचलून जाई. कित्येक दिवस एवढंच बोलणं व्हायचं, आणि त्यातही काशीरामांच्या वाटणीचं काही नसायचं.

भातकापणी उरकल्यावर एका शनिवारी एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल. सोबत गावचा पोलीसपाटील होता आणि त्याच्या हातात गोधडीत गुंडाळलेली लांब वस्तू.

"काका, बंदूकवाले तुम्हीच ना?"

"दुसरा कोण बसणार इथे धूळ खात? या."

तिचं नाव दीपाली. चिपळूणला पतसंस्थेत नोकरीला. तिचे वडील विठू उन्हाळ्यात वारले, त्यांची ही रायफल. परवाना त्यांच्या नावावर होता, तेव्हा ती घरात ठेवता येत नव्हती. परवान्याच्या दुकानात जमा करायची आणि मग काय ते ठरवायचं.

"मला ठेवायची नाही," दीपाली म्हणाली. "फ्लॅटमध्ये कुठे ठेवू? पोरगा लहान आहे. पुण्याचे एक गृहस्थ जुन्या रायफली जमवतात, त्यांच्याकडे रीतसर परवाना आहे. पण त्यांची अट आहे. सगळे भाग मूळ कारखान्याचे हवेत. एक स्क्रू गावठी निघाला तरी नको म्हणतात. तुम्ही बघून सांगितलंत तर मानतील. त्यांनीच तुमचं नाव दिलं."

पुण्यात कुणाला तरी आपलं नाव ठाऊक आहे हे ऐकून काशीराम जरा ताठ बसले. मग त्यांनी गोधडी सोडली आणि डोळे मिटले.

रायफल विलायती होती, महायुद्धाच्या आधीची. शिकारीसाठी बनवलेली, वजनाला हलकी. नळीवरचा निळसर काळा रंग कोकणच्या हवेने जागोजागी उडाला होता. त्यांची बोटं नळीवरून उतरली, खालच्या पट्टीवरून गेली आणि बोल्टवर थांबली. बोल्ट म्हणजे गोळीच्या मागचं दार. तो पुढे सारून खाली दाबला की दार लागतं. काशीरामांनी तो मागे ओढला. लोण्यात सुरी जावी तसा तो आला. त्यांनी डोळे उघडून त्याच्या बुंध्यावरचा आकडा पाहिला, मग नळीखालचा पाहिला. दोन्ही आकडे एक नव्हते.

एवढ्यावर निकाल लागत होता. बोल्ट बदललेला, रायफल मूळची नाही. दोन वाक्यांचं काम.

"घाईने सांगण्यासारखं नाही हे," काशीराम म्हणाले. "एकेक भाग बघावा लागेल. पुढच्या खेपेला ये."

पतसंस्थेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असे. त्या दिवशी दीपाली सकाळच्या गाडीने येई आणि संध्याकाळी परत जाई. पुढच्या खेपेला काशीरामांनी तिला स्क्रू दाखवले. कारखान्याच्या स्क्रूची खाच केसासारखी बारीक असते, आणि सगळ्या खाचा एका दिशेला थांबवलेल्या असतात. गावठी स्क्रूची खाच रुंद, तोंड फाकल्यासारखी. इथे सगळ्या बारीक होत्या. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो उंचवटा, तीही मूळची. चहा झाला. दीपालीने वडिलांबद्दल सांगितलं. ते फार बोलत नसत. मुंबईला गोदीत होते, मग गावी परतले. सकाळी अंगणात बसून रायफलीला तेल लावत, पण शिकारीला जाताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मग तेल कशाला लावायचे?"

"आई पण तेच विचारायची. ते म्हणायचे, तुला नाय कळायचं."

काशीराम हसले. आपण दुकानात बसून मोठ्याने हसलो हे त्यांच्या ती गेल्यावर लक्षात आलं.

त्यानंतरच्या खेपेला त्यांनी दस्ता काढला, खांद्याला लावायचा लाकडी भाग. त्याबद्दल मात्र त्यांना खरोखर शंका होती. लाकूड काळंभोर झालं होतं आणि नाकाशी नेलं तर काजूच्या सालीच्या तेलाचा जळका वास येत होता. वाळवी लागू नये म्हणून आपल्याकडे होडीपासून वाशापर्यंत सगळ्याला ते तेल फासतात. त्या काळ्या थराखाली अक्रोड आहे की गावच्या सुताराने घडवलेला फणस, हे वरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. दस्त्याच्या बुडाला लोखंडी पत्रा असतो, तो काढला की आतलं लाकूड तेल न लागलेलं, कोरं दिसतं. पिवळं निघालं तर फणस.

पत्र्याचे स्क्रू हलेनात. दीपाली खाली वाकून बघत होती. "माझी पण छाती धडधडतेय ओ," ती म्हणाली.

पत्रा सुटला. आतलं लाकूड तपकिरी होतं, त्यात गडद रेषा, आणि मधोमध ठोकलेला आकडा. नळीखालचाच.

"अक्रोड," काशीराम म्हणाले. "मूळचा."

दीपालीने टाळी वाजवली. काशीरामांनाही आनंद झाला, पण त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी कडवट होतं. दस्ता फणसाचा निघाला असता तर तो कुणी केला, कधी केला, मूळचा कुठे गेला, असे आणखी दोन-तीन शनिवार गेले असते. हे मनात आल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली. तरी ती निघताना ते म्हणाले, "पुढच्या खेपेला बोल्ट बघू."

ती पायरी उतरली आणि पुन्हा वळली. "काका, पुढच्या खेपेला संपेल ना हो? पोराला दर वेळी शेजारी ठेवून यावं लागतं. मागच्या खेपेला तो तापाने फणफणला होता आणि मी इथे. पुण्याहून पण फोन येतोय."

रागाने नव्हती म्हणत. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"थांब," काशीराम म्हणाले. "ये आत. आत्ताच बघू."

त्यांनी बोल्ट काढून फडक्यावर ठेवला आणि दोन्ही आकडे तिला दाखवले. तिला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे खोटा?"

"खोटा नाही. कारखाना तोच, घडण तीच. पण दुसऱ्या रायफलीचा. आणि हे बघ. सगळी रायफल गंजलीय. तुझे वडील तेल लावत, पण नळीवरून नुसता हात फिरवल्यासारखं. बोल्टाला मात्र एक डाग नाही. सगळ्यात जास्त जपलंय ते ह्याला." त्यांनी सुई घेऊन बोल्टाच्या खोबणीतून बारीकसं काहीतरी उकरलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. पिवळी, तेलकट भुकटी.

"हळद?" दीपालीने ती वासावरून ओळखली. "दसऱ्याची. आमच्याकडे दसऱ्याला गावातल्या सगळ्या बंदुका देवळात नेतात. पण देवासमोर चालतं हत्यार ठेवायचं नाही. म्हणून बोल्ट, घोडे, जे काय निघेल ते काढून एका ताटात ठेवतात आणि त्याचीच पूजा करतात. मग ज्याचं त्याला परत." ती बोलता बोलता थांबली. "काका, अगदी अशीच रायफल आमच्या गावच्या हौसाकाकीकडे आहे. सखारामकाका आणि आमचे बाबा, दोघांनी मुंबईहून एकदमच आणल्या होत्या. ताटात अदलाबदल झाली असणार!"

तसं असेल तर मूळचा बोल्ट गावातच होता.

"उद्या जाऊ या?" दीपाली म्हणाली. "मी पोराला फोन करते. आजची रात्र मावशीकडे राहीन."

दुसऱ्या दिवशी काशीरामांनी इस्त्रीचा सदरा घातला. बोल्ट फडक्यात गुंडाळून, परवान्याच्या कागदांसह पिशवीत घेतला. एसटी हातखंब्याला महामार्ग ओलांडून आत वळली आणि दोन्ही बाजूंना गवत वाळलेले कातळ सुरू झाले. दीपाली खिडकीशी बसून बोलत होती. किती दिवसांनी कुणासोबत गाडीत बसलोय, याचा काशीराम हिशोब करू लागले आणि त्यांनी तो मध्येच सोडून दिला.

हौसाकाकी पडवीत कुळीथ पाखडत होती. सत्तरी ओलांडलेली, काटक. नवरा सखाराम जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मुलगा विनीत मुंबईला. घरात ती एकटी, आणि परवाना आता तिच्या नावावर.

"माज्याच नावावर, मंग!" ती काशीरामांना म्हणाली. "कचेरीत सायेब इचारतो, आजी, बंदूक चालवता येते का? मी म्हटला, तुज्यावर चालवून दावू का?"

दीपाली खळखळून हसली. काकीने सूप बाजूला ठेवलं, आतून रायफल आणली आणि बाळ द्यावं तशी दोन्ही हातांवर काशीरामांसमोर धरली. त्यांनी डोळे मिटले. नळी, पट्टी, बोल्ट. हाही लोण्यासारखा आला. डोळे उघडून त्यांनी आकडा वाचला आणि दीपालीकडे बघून मान डोलावली.

"काकी," दीपाली म्हणाली, "बाबांचा बोल्ट तुमच्याकडे आलाय. आणि तुमचा आमच्याकडे. देवळातल्या ताटात चुकून बदलले."

"चुकून?" हौसाकाकीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला बापानं सांगितला नाय?"

मग काकीने जे सांगितलं ते असं. तेव्हा शिकारीला मोकळीक होती. गावाची पारध असे, म्हणजे सगळ्या गावाने मिळून केलेली शिकार. मांसाचे वाटे पडत. हाकाऱ्यांना, कुत्र्यांना, आणि ज्याच्या गोळीने जनावर पडलं त्याच्या बंदुकीला वेगळा वाटा. एका पारधीत मोठं डुक्कर पडलं आणि त्याला दोन गोळ्या लागलेल्या. एक विठूची, एक सखारामची.

"ह्यो म्हनतो माजी आदी, तो म्हनतो माजी आदी. दोगं एका ताटात जेवनारं, पन त्या वाट्यापायी येड लागला. बोलता बोलता तुज्या बापानं बंदूक उचलली, आनि आमच्या घरातल्यांनी पन उचलली. एकमेकांवर! मानसं मदी पडली म्हनून. नायतर आज मी इदवा झाल्याला पन्नास वर्सं झाली असती आनि तू जल्माला पन आली नसतीस."

"बाबांनी?" दीपाली म्हणाली.

"तुज्याच बाबांनी. मंग दसरा आला. बोल्ट ताटात ठेवलं. आनि परत देताना देवळाच्या मानाच्या गावकरांनी ह्याचा त्याला दिला आनि त्याचा ह्याला. म्हनालं, आता रोखा एकमेकांवर. ज्याच्यावर रोखाल त्याच्याच बोल्टानं त्याला माराल. तेवडी लाज उरली असंल तर बगा."

"मग?"

"मंग काय? दोगं परत पारधीला गेलं नाय. मी इचारला तर म्हनायचं, दुसऱ्याची वस्तू हाय, खराब झाली तर? रोज तेल. माज्या सोन्याच्या माळेला कवा फडका लावला नाय त्या मानसानं, पन त्या बोल्टाला रोज. आनि तुज्या बापाचा पन त्येच चाललेला तिकडं." काकीने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "बोलाय लागायला मातर दोन वर्सं गेली."

खालच्या वाडीतून कुणीतरी गुराला हाकारत होतं.

शेवटी दीपाली काशीरामांकडे वळली. "काका, हे बोल्ट ज्याचे त्याला बसवले, तर आमची रायफल पूर्ण मूळची होईल?"

काशीरामांना उत्तर ठाऊक होतं. आणखीही एक उत्तर त्यांना ठाऊक होतं. पन्नास वर्षं दुसऱ्या घरात घासलेला बोल्ट परत बसवणं धोक्याचं, असं म्हटलं असतं तर त्या दोघींपैकी कुणीही उलटून विचारलं नसतं. पुण्याच्या गृहस्थांनी रायफल नाकारली असती. ती दुकानातच भिंतीला राहिली असती, आणि तिच्या निमित्ताने कधीतरी, वर्षातून एक-दोन शनिवार तरी, पायरीवर चपला वाजल्या असत्या.

"बघावं लागेल," ते म्हणाले, आणि म्हणताक्षणी दीपालीचा चेहरा थकलेला दिसला. त्यांनी पिशवीतून फडकं काढलं. "आत्ताच बघतो."

काकीच्या रायफलीत त्यांनी तिचा मूळचा बोल्ट घातला. अर्ध्या वाटेवर तो अडला. त्यांनी काढला, तेलाचं बोट फिरवलं, पुन्हा घातला. गेला, पण खरखरत, खांदा घासत. खाली दाबायला जोर लागला. त्यांनी माप लावून दार नीट लागतंय ना ते तपासलं. लागत होतं. एवढी वर्षं बोल्ट परक्या घरात झिजून तिथलाच झाला होता, आणि आता स्वतःच्या जागी त्याला कडा टोचत होत्या.

हौसाकाकीनेही तो ओढून पाहिला. "म्हातारपनी माहेरी ऱ्हायला गेलेल्या बाईगत झाला," ती म्हणाली. "घर आपलाच, पन मिठाचा डबा कुटं ते ठावं नाय."

"चालेल ना पण?" दीपालीने विचारलं.

"चालेल," काशीराम म्हणाले. "घट्ट आहे, सैल होईल. तुझाही असाच बसेल, धोका काही नाही. आकडे जुळतात, बाकी सगळं मी पाहिलंय. रायफल पूर्ण मूळची आहे. पुण्याला तसं कळव. माझ्याकडून हो आहे."

दीपालीने काकीकडे पाहिलं. "काकी, तुमची हरकत असेल तर—"

"ने, बाय. दोगं पन गेलं. आता कोन कोनावर रोखतोय?" काकीने विठूचा बोल्ट पदराने पुसला. पुसून झाल्यावरही ती काही वेळ पुसतच राहिली. मग तिने तो दीपालीच्या हाती दिला.

दुकानात विठूचा बोल्टही त्याच्या रायफलीत तसाच खरखरत, पण नीट बसला. पुढचं सगळं भराभर झालं. पुण्याचे गृहस्थ स्वतः आले, कागद झाले, रायफल गेली. दीपाली त्या दिवशी रजा काढून आली होती. तिने पेढे आणले आणि वाकून नमस्कार केला. "येत जाईन हं काका," ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. त्या क्षणी तिला तसंच वाटत होतं. त्यानंतर तिचा एकदा फोन आला. पोराची परीक्षा जवळ आली होती.

शनिवार येत राहिले. काशीरामांनी दुकानातल्या खुंट्या पुसल्या आणि एका दुपारी डबेवाल्याला थांबवून विचारलं, "तुझं गाव कोणतं रे?" तो सायकलवर टांग टाकता टाकता "देवरूखकडचा" म्हणाला आणि निघून गेला.

आंब्याला मोहोर धरला होता तेव्हा एका सकाळी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि एसटी पकडली. तेलाची बाटली पिशवीत होती. हातखंब्याला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा उतरून परत जावं असं त्यांच्या मनात आलं. पण शेजारच्या माणसाचं गाठोडं वाटेत होतं आणि तो झोपला होता.

हौसाकाकी अंगण सारवत होती. शेणाने भरलेला हात कपाळाशी आडवा धरून तिने वर पाहिलं.

"कोन, बंदूकवालं? काय झाला ओ? पोरीची बंदूक परत आली का काय?"

"नाही, नाही. तिकडे सगळं बरं आहे." काशीराम बांधाशीच थांबले, सारवलेल्यावर पाय पडू नये म्हणून. "तुमचा बोल्ट घट्ट होता त्या दिवशी. म्हटलं तेल घालून बघू."

"तेल मी घालतंय की रोज. सवय लागल्याली हाय घराला." काकीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तेवड्यासाठी रत्नागिरीसून आलात?"

हो म्हणायला काही हरकत नव्हती. काशीरामांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नाही," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी नाही."

काकीने उरलेला कोपरा सारवून घेतला, सावकाश, हात न उचलता. मग उठून बादलीत हात धुतले आणि पडवीकडे बोट दाखवलं.

"त्या अंगानं या. हितला ओला हाय."